लंडनला पोचायला लागणारा वेळ

तारावा ते लंडन अंतर किती आणि विमानाला वेळ किती, असं तेबानोने एकदा फोनमध्ये टाइप केलं. फोनने चौदा हजार किलोमीटर सांगितलं, वाटेत दोन-तीन देशांत विमान बदला म्हणाला आणि जाताना गरम कपडे न्या असंही सुचवलं. फोनचा समज झाला की इंग्लंडातलं लंडन. आमचं लंडन किरिसमास बेटावर आहे, आमच्याच बेटाबेटांच्या देशात, आम्ही राहतो त्या तारावापासून सव्वातीन हजार किलोमीटर पूर्वेला. त्याच बेटावर पोलंड नावाचं गाव आहे आणि विमान जिथे उतरतं त्या गावाचं नाव बनाना. ज्यांनी ही नावं ठेवली ते केव्हाच निघून गेले. आम्ही अजून पाकिटांवर लिहितो आहोत.

सरळ विमान मिळालं तर पाच तास. मधे नुसतं पाणी.

तेबानो माझा चुलतभाऊ. तारावाच्या बंदरभागात, बेतिओला, मासळीच्या कोठारात बर्फ फोडायच्या कामावर होता. राकेरा लंडनच्या शाळेत शिकवायची. दोन वर्षांपूर्वी ती कसल्याशा प्रशिक्षणासाठी तारावाला आली होती, तेव्हा दोन्ही घरच्यांनी बसून ठरवून टाकलं, आणि गंमत म्हणजे त्या दोघांनाही ते आवडलं. मग ती परत गेली आणि दोन वर्षं सगळं फोनवर चाललं. लग्नानंतर तेबानो तिकडेच राहणार होता, तिथल्या मासळीच्या कारखान्यात नोकरीही बघून ठेवली होती. म्हणून लग्न लंडनला.

आता तेबानोचा स्वभाव सांगायला हवा. आमच्यात बुबुसी असते. नातलगाने समोर बसून ‘मी बुबुसी करतो’ म्हणत काही मागितलं की ते द्यायचं. नाही म्हणायला कायद्याने बंदी नाही, पण म्हणालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. शहाणी माणसं चांगल्या वस्तू लपवून ठेवतात, नवीन चप्पल घासून जुनी करतात. तेबानोला तेवढंही जमत नसे. त्याची मोटरसायकल गेली, जाळं गेलं, भाताचं मोठं पातेलं गेलं. एकदा एका मामेभावाने त्याच्या घराचं दार मागून नेलं. दोन दिवसांनी तो बिजागऱ्या मागायला आला, तेव्हा तेबानोने त्याला स्क्रूसुद्धा शोधून दिले.

राकेराला हे सगळं ठाऊक होतं. ती फोनवर विचारायची, “मी तिथे असते तर मलाही दिलं असतंस का रे कुणाला?” आणि तेबानो हसायचा. मीही हसायचो. मला वाटायचं विनोद चाललाय.

लग्न एका शनिवारी होतं. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या बुधवारच्या विमानाने सगळ्यांनी जायचं ठरलं. आमच्या घराण्याने बारा जागा धरल्या होत्या. त्यातली बारावी माझी. मिनीबसमध्ये बसून विमानतळावर जाईपर्यंत ती धाकट्या आत्याच्या नणंदेने मागून घेतली. तिला लंडन बघायचं होतं. मी दिली. मला दुःख झालं नाही असं नाही, पण मी काही नवरा नव्हतो.

विमानतळावर आधी सामानाचं वजन होतं आणि मग माणसांचं. एवढ्या लांब जायचं म्हणजे इंधन जास्त लागतं, आणि पलीकडे उतरता आलं नाही तर जवळपास दुसरं काही नाही, त्यामुळे विमानवाले काट्याच्या बाबतीत फार कडक. तेबानोच्या वाट्याचं सामान म्हणजे अर्ध्या बेतिओचं सामान होतं. सुके मासे, बबाईचे कंद, केवड्याच्या पानांच्या चटया, कुणाच्या तरी मेव्हण्यासाठी एक कुकर. सगळं बुबुसी करून त्याच्या नावावर चढवलेलं. त्याची स्वतःची एक छोटी पिशवी होती. तिच्यात लग्नाचा पांढरा शर्ट होता.

खिडकीमागे तेकाई बसला होता. तो आईकडून आमचाच. त्याने बेरीज केली, पुन्हा केली, आणि सांगितलं की वजन जास्त होतंय, एक मोठं माणूस उतरवावं लागेल. सामान उतरवलं तर चालेल का, असं मी विचारलं. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चर्चमध्ये शिंकलो होतो. त्या सामानातली प्रत्येक वस्तू कुणीतरी बुबुसी करून पाठवलेली होती. ती खाली ठेवायची म्हणजे पंचवीस माणसांना एका दमात नाही म्हणायचं.

मग मिकाएरे काका पुढे आले. मिकाएरे काका आमच्यात सगळ्यात थोरले. त्यांनी एकेकाचा हिशेब मांडला. सात जण गाणारे. त्यातला एक काढला तर सूर फाटतो, आणि राकेराच्या गावाने आमच्या गायनाची कीर्ती ऐकलेली आहे. थोरल्या काकूने नवरीसाठी चटई विणली होती आणि ती स्वतःच्या हाताने अंथरली नाही तर अपशकुन. आत्याची नणंद पाहुणी, तिला उतरवणं शोभत नाही. स्वतः काका तर जायलाच हवेत, बोलणी कोण करणार. असं करत करत सगळी आवश्यक माणसं मोजून झाली आणि एकच माणूस उरला.

“तेबानो, बाळा,” काका म्हणाले, “मी तुझ्याकडे बुबुसी करतो. तुझी जागा दे.”

“काका, ह्या लग्नात नवरा कोण आहे?” मी विचारलं.

“नवरा पुढच्या बुधवारच्या विमानाने येईल. लग्न शनिवारी. गाणाऱ्यांना तालीम लागते. नवऱ्याला कसली तालीम?”

खरं सांगायचं तर ह्यात चूक काढणं अवघड होतं. तेबानो थोडा वेळ आपल्या पायांकडे बघत राहिला. चप्पल दोन वेगवेगळ्या जोड्यांतली होती.

“घ्या काका,” तो म्हणाला.

तेकाईने नाव खोडलं. पिशवी मात्र आधीच विमानात चढली होती, ती कोण शोधणार, म्हणून तीही गेली. आम्ही दोघं कुंपणापाशी उभे राहिलो. विमान उडालं. नवऱ्याकडचे सगळे, नवऱ्याचा शर्ट, कुकर, सगळं लंडनला निघालं. नवरा आणि मी मिनीबसने घरी आलो. वाटेत ड्रायव्हरने विचारलं, लग्न झालं का.

पहिले सात दिवस बरे गेले. राकेरा फोनवर आधी चिडली, मग हसली, मग म्हणाली की तुझे काका रोज तीन वेळा जेवतात आणि प्रत्येक वेळी भाषण करतात. गाणाऱ्यांची तालीमही चालू होती. शेजारच्या दोन गावांची माणसं ऐकायला यायची आणि ऐकायला आली की जेवायची. रुकाचा आवाज सगळ्यांना आवडला होता. रुका म्हणजे आमच्या दुसऱ्या काकांचा मुलगा, गाणाऱ्यांतला खर्जाचा आवाज. माणूस वाईट नाही. त्याने आजवर तेबानोकडे काहीही मागितलं नव्हतं.

बुधवारी विमान आलं नाही. ते दुसऱ्याच देशात उभं होतं आणि त्याच्या एका सुट्या भागाची वाट बघत होतं. तो भाग आणखी तिसऱ्या देशातून यायचा होता. कधी, ते कुणी सांगेना.

दुसरी वाट होती ती अशी: आधी दक्षिणेला फिजीला जायचं, तिथे पुढचं विमान धरायचं आणि मग उलटं वर किरिसमासला. म्हणजे पाच तासांऐवजी काही दिवस, आणि पुण्यात राहणाऱ्याने शेजारच्या पेठेत जायला काश्मीरला वळसा घालण्यासारखं. ही उपमा मला एका पुणेकर डॉक्टरने दिली, तो इथे दोन वर्षं होता आणि अशाच उपमा देत असे. शिवाय फिजी परदेश. म्हणजे पासपोर्ट हवा. आम्ही कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने कशासाठी जायचंय विचारलं. तेबानो म्हणाला, लग्नासाठी. कुणाच्या? माझ्या. कुठल्या देशात? आपल्याच. त्या माणसाने पेन खाली ठेवलं. मग तो दयेने म्हणाला की पासपोर्टला दोन आठवडे तरी लागतील, आणि तोपर्यंत तू लग्न झाल्यासारखाच वाग.

गुरुवारी काकांचा फोन आला. तेबानोने तो मोठ्या आवाजावर ठेवला. तिकडेही मोठ्या आवाजावर होता हे लगेच कळलं, कारण मागे गावच्या सभामंडपातली सगळी माणसं खोकत होती.

काकांनी आधी बराच वेळ हवामान सांगितलं. मग डुकरांवर आले. चार डुकरं मारली होती, पाचवं बांधून ठेवलं होतं. राकेराच्या वडिलांकडचे तांदूळ संपत आले होते, शेजाऱ्यांनी दिलेलेही संपत आले होते आणि मालाचं जहाज महिनाभर येणार नव्हतं. एवढ्या पाहुण्यांना आणखी पोसणं त्यांना शक्य नव्हतं, आणि लग्न न लावता पाहुण्यांना परत पाठवणं त्याहून शक्य नव्हतं. परत पाठवायला विमानही नव्हतं.

“हा कोणाचा दोष नाही बाळा,” काका म्हणाले. “अंतर आहे. अंतराला आपण काय करणार?”

“बरोबर आहे काका,” तेबानो म्हणाला.

“रुका इथे आहे. त्याची तयारी आहे. तुझा शर्टही त्याला नीट बसतो, आम्ही घालून बघितला. मी तुझ्याकडे बुबुसी करतो.”

काय मागतोय हे काकांनी उच्चारलं नाही. काका जुन्या वळणाचे, असल्या गोष्टी तोंडाने बोलत नाहीत.

तेबानो गप्प बसला. आमचा फोन आवाज पोचवायला थोडा वेळ घेतो, त्यामुळे पहिले काही क्षण गप्प बसलं तरी कुणाला कळत नाही. मग कळायला लागतं. तिकडचं खोकणं थांबलं. तेवढ्यात काहीतरी खरखरलं आणि राकेराचा आवाज आला. तिने काकांच्या हातातून फोन घेतला होता.

“तेबानो, ऐकतोयस ना?”

“हो.”

“मला इथे थोरल्यांपैकी कोणी विचारलेलं नाही, ते असू दे. मला नाही म्हणता येतं. मी दिवसभर पोरांना तेच म्हणत असते. पण मी नाही म्हटलं, तर थांबायचं कुणासाठी, ते मला कळू दे.”

“माझ्यासाठी,” तेबानो म्हणाला, पण हळू.

“मग काकांना नाही म्हण. सगळ्यांसमोर. मी तुझ्याकडे बुबुसी करते.”

असली बुबुसी आजवर कुणी ऐकली नव्हती. तिचं द्यायचं तर काकांना नाकारायचं, काकांचं द्यायचं तर तिला. दोन्ही देता येत नाही आणि एक न देता सुटताही येत नाही. सभामंडपातले म्हातारे ह्यावर पुढे वर्षभर बोलत राहिले असं मी ऐकलं. त्यांना ती फार आवडली. अर्थात त्यांतला एकही जण तेव्हा काही बोलला नाही.

तेबानोने माझ्याकडे बघितलं. मी ओठांनी ‘नाही म्हण’ असं दाखवलं. त्याने मान हलवली, म्हणजे कळलं अशी.

“मी विचार करून सांगतो,” तो म्हणाला.

तिकडे कुणीतरी हसलं. राकेरा नव्हती ती.

“किती वेळ लागेल विचार करायला?” तिने विचारलं.

“शनिवारी सकाळी फोन करतो.”

“दहाला चर्चमध्ये जायचंय.”

“दहाच्या आत करतो.”

“बरं. पण हेही ऐकून ठेव. रुकाने काल मला येऊन विचारलं. काकांना नाही, बाबांना नाही, मला. तू दहाच्या आत फोन केला नाहीस तर मी रुकाला हो म्हणेन, आणि मग आयुष्यभर चेहरा पाडून बसणार नाही. तसली हौस नाही मला.”

फोन बंद झाला. तेबानो म्हणाला की फोनवर सगळ्यांसमोर एकदम बोलता येत नाही, पण शनिवारी तो नक्की नाही म्हणणार. मी म्हटलं, मग त्याची तालीमच करू. गाणारे करतात, तू का नको.

शुक्रवारचा अख्खा दिवस आम्ही तेच केलं. मी त्याच्यासमोर मांडी घालून बसायचो आणि बुबुसी करायचो. बशी मागितली, तो नाही म्हणाला. टॉवेल मागितला, नाही. उशी, कोयता, उरलेल्या चपलेतली एक, नाही, नाही, नाही. पहिल्यांदा त्याच्या तोंडातून शब्द कसाबसा यायचा, शेवट गिळून टाकायचा. दुपारपर्यंत चांगला खणखणीत यायला लागला. मग मी काकांचा आवाज काढून मागायला लागलो, त्यालाही तो नाही म्हणाला. मला खरोखर अभिमान वाटला. मधे शेजारचा एकजण आला आणि त्याने ताडपत्री मागितली. तेबानोने ती उठून, घडी घालून दिली. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा म्हणाला, “ही तालमीत नव्हती.”

शनिवारी मी उठलो तेव्हा तो अंघोळ करून फणसाच्या झाडाखाली बसला होता. केस विंचरलेले, दाढी केलेली. आमचा फणस लहान असतो, भाजून खायचा. सावली मात्र मोठी. फोन मांडीवर होता. त्यात पैसे भरलेले, बॅटरी पूर्ण. मी म्हटलं, लाव की मग. तो म्हणाला, दहाच्या आत करायचाय ना, आहे वेळ. मी चहा केला. पाव खाल्ले. मी पुन्हा म्हटलं, लाव. तो म्हणाला, लावतो, जरा शब्द जुळवतोय. एका शब्दात काय जुळवायचं, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण नवऱ्या मुलाला लग्नाच्या दिवशी बोलू नये म्हणून मी गप्प बसलो.

बरोबर नऊ वाजता त्याने फोन लावला आणि उभा राहिला. पाठ ताठ केली. असा तेबानो मी त्याआधी पाहिला नव्हता.

पलीकडून आधी गाणंच ऐकू आलं. आमचेच गाणारे होते आणि खरंच चांगले गात होते. खर्जाचा आवाज तेवढा कमी होता.

“बोल बाळा,” काका ओरडले. “जोरात बोल, इथे जेवणं चाललीत.”

“काका,” तेबानो म्हणाला, “तुम्ही गुरुवारी जे मागितलं, त्याला माझं उत्तर नाही असं आहे.”

मी शपथेवर सांगतो, त्याने ते उत्तम म्हटलं. न अडखळता, न गिळता.

“काय आहे?”

“नाही. माझं उत्तर नाही.”

“हां, हां,” काका म्हणाले आणि मग फोनपासून तोंड वळवून सगळ्यांना ओरडून सांगितलं की तेबानोचा फोन आहे, तारावाहून, दोघांना आशीर्वाद देतोय. टाळ्या वाजल्या. कुणीतरी भांडं वाजवलं. काकांनी विचारलं राकेराला देऊ का फोन. तेबानो म्हणाला, नको, जेवू द्या तिला. मग काकांनी त्याला पाचव्या डुकराबद्दल थोडं सांगितलं आणि फोन ठेवला.

तेबानो पुन्हा झाडाखाली बसला. मीही बसलो. रस्त्यावरून मिनीबस गेली, तिच्यात कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

“दहाच्या आत केला मी,” तो म्हणाला.

“हो.”

“तिकडची घड्याळं दोन तास पुढे असतात. ते डोक्यातूनच गेलं बघ.”

मी म्हटलं, होतं असं कधीकधी. एवढं अंतर म्हटल्यावर घड्याळाचा घोळ व्हायचाच.

दोन वर्षं तो राकेराला रोज संध्याकाळी सातला फोन करायचा, कारण तिकडे नऊ वाजलेले असायचे आणि तिच्या वह्या तपासून झालेल्या असायच्या. एकदाही सहाला केला नाही, एकदाही आठला केला नाही. ताप असताना केला, नाताळात केला, एकदा कोठारात बर्फाच्या लादीवर उभा राहून केला. पावणेसातला कुणी बोलायला आलं तर म्हणायचा, थांब, अजून तिचे नऊ व्हायचेत.

तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावरून जरा ओझं उतरल्यासारखं दिसत होतं.

“नाही नीट म्हणालो ना मी?” त्याने विचारलं.

“एकदम स्पष्ट,” मी म्हणालो.